श्रवण आणि साक्ष : पंडिता रमाबाईंच्या गद्यातील ईश्वरी वाणी

१

ख्रिस्ती प्रार्थनेची व्याख्या सामान्यतः देवाशी केलेले संभाषण अशी केली जाते. संभाषण म्हटले की दोन पक्ष आले, आणि एकाने बोलावयाचे तर दुसऱ्याने ऐकावयाचे हा क्रमही आला. प्रार्थनेच्या साहित्यात भक्ताच्या बोलण्याचा भाग विपुल आढळतो : याचना, स्तुती, पश्चात्ताप, आभार. देवाच्या बोलण्याचा भाग मात्र नेहमीच अडचणीचा ठरतो. ही वाणी ज्याला ऐकू येते त्याच्यावाचून ती दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नाही. वाचकाच्या हाती येतात ते ऐकणाऱ्याचेच शब्द. ते खरे मानावयाचे की नाहीत, आणि मानावयाचे तर कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न श्रद्धेचा आहे तसाच साहित्याचाही आहे.

या प्रश्नाची जाणीव पवित्र शास्त्रालाही आहे. बाल शमुवेलाची कथा या दृष्टीने मननीय आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते आणि वृद्ध याजक एलीने आपल्याला बोलावले असे समजून तो तीन वेळा त्याच्याकडे धावत जातो. आपण हाक मारली नाही, असे एली त्याला सांगतो. आणि अखेर ही हाक कोणाची असावी हे त्याच्याच ध्यानी येते. या कथेत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. देवाचा आवाज प्रथम वडीलधाऱ्या माणसाच्या आवाजासारखाच वाटतो, ही पहिली; आणि जो संदेश शेवटी मिळतो तो त्या वडीलधाऱ्याच्याच घराण्याविरुद्ध असतो, ही दुसरी. ऐकणाऱ्याला अधिकारी पुरुषाचे मार्गदर्शन हवे असते, आणि ऐकलेले वचन त्याच अधिकाऱ्याला न्यायासनासमोर उभे करू शकते.

मराठी ख्रिस्ती लेखकांत हा पेच पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) जितक्या निकडीने जगला आणि जितक्या निर्भयपणे लिहिला तितका क्वचितच कोणी लिहिला असेल. त्यांच्या कार्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. समाजसुधारक, संस्थाचालक, स्त्रीमुक्तीच्या अग्रदूत या नात्यांनी त्यांचे मूल्यमापन झाले आहे. धर्मांतराच्या निमित्ताने त्यांच्यावर जी टीका झाली तिचाही इतिहास सर्वज्ञात आहे. परंतु देवाचे ऐकणारी लेखिका म्हणून त्यांच्या गद्याकडे पाहण्याचा प्रयत्न तुलनेने थोडा झाला. त्यांच्या १८९७ सालच्या दुष्काळविषयक आठवणी, १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली त्यांची 'साक्ष' आणि वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला, १९७७ साली ग्रंथरूपाने उपलब्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार हे लेखन एकत्र वाचले असता एक सलग सूत्र हाती लागते. कोणाचे ऐकावे, कोणत्या भाषेत ऐकावे आणि ऐकल्यावर काय करावे, हे ते सूत्र होय.

२

रमाबाईंचे बालपण श्रवणाच्या व्यवसायातच गेले. अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला आणि कन्येला संस्कृत शिकविणारे पंडित; पुढे दारिद्र्यामुळे हे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी स्वरात म्हणावयाची आणि श्रोत्यांनी फुले, फळे, पैसा वाहून पुण्य जोडावयाचे, अशी ती रीत होती. ऐकणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे अशी अट तिथे नव्हती. ध्वनीच पवित्र होता आणि श्रवण हेच फल होते.

प्रौढ वयात या दिवसांकडे पाहताना रमाबाई उपहासाचा सूर लावीत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईवडिलांच्या निष्ठेविषयी त्यांच्या मनात अखेरपर्यंत आदर होता. तथापि एका गोष्टीची नोंद त्या विलक्षण कोरडेपणाने करतात. उपास, तीर्थस्नाने, दाने, अनुष्ठाने सर्व काही यथासांग झाले. जवळचा पैसा देवाच्या कारणी लागला. पण पलीकडून उत्तर आले नाही. १८७४ साली मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. ज्या कुटुंबाने आयुष्यभर इतरांना पवित्र वाणी ऐकवली त्याला त्याच्या अंतकाळी कोणतीही वाणी ऐकू आली नाही. रमाबाईंच्या पुढील साऱ्या शोधाचा आरंभबिंदू ही शांतता आहे.

याच प्रसंगात मात्र एक मानवी आवाज आहे, आणि तो त्यांनी जन्मभर जपला. दृष्टी गेलेले, अशक्त झालेले अनंतशास्त्री धाकट्या मुलीला जवळ घेऊन तिला देवाच्या हाती सोपवतात आणि आयुष्यभर त्याचीच सेवा करण्यास सांगतात. ते ज्या देवाविषयी बोलत होते तो अर्थातच वैष्णव ब्राह्मणाचा देव होता. परंतु रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती म्हणून हा प्रसंग लिहिला तेव्हा पित्याचे ते शब्द खोडून टाकले नाहीत. आपल्या पाचारणाचा पहिला उच्चार म्हणून त्यांना मान दिला. धर्मांतरितांच्या आत्मकथनांत पूर्वायुष्य हे बहुधा अंधार म्हणून रंगविले जाते. रमाबाईंच्या लेखनातही अंधाराची भाषा आहे, पण पित्याच्या या शब्दांभोवती ती थांबते. शमुवेलाने एलीचा आवाज म्हणून जे ऐकले ते देवाचे होते. रमाबाईंनी पित्याचा म्हणून जो ऐकला त्या आवाजातून देवच बोलत होता, असा त्यांचा पश्चात्‌बुद्धीचा अन्वय आहे. साहित्यदृष्ट्या त्यांच्या साक्षीतील हा सर्वांत कोमल आणि सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय.

३

१८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच शहरात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदग्रंथ दिला. स्त्रीने वेद ऐकूही नयेत अशी धारणा असलेल्या परंपरेत वाढलेल्या या विदुषीला जे ऐकणे वर्ज्य होते ते वाचावयास मिळाले. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाल्यानंतर, सिल्चरच्या घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ख्रिस्ताची वाणी त्यांच्यापर्यंत प्रथम आली ती व्यासपीठावरून नाही, मिशनऱ्याच्या मुखातूनही नाही. ती एका मुद्रित पुस्तिकेतून आली, आणि तीही देशी भाषेत. अर्थ न कळता श्रवण करण्याची जी रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती तिच्या नेमकी उलट ही रीत होती. येथे आवाज नव्हता, केवळ अर्थ होता.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. रमाबाईंच्या चरित्रात या बहिरेपणाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. त्यांचे लेखन समजून घेण्यासाठी त्याला अधिक महत्त्व द्यावयास हवे. देवाचे ऐकणे हा ज्यांच्या आयुष्याचा केंद्रविषय त्यांना माणसांचे ऐकणेच कष्टाचे झाले होते. त्यांच्या साक्षीत स्वर्गीय नाद, स्वप्नातील हाक, गाभाऱ्यातून उमटलेला शब्द असे काही जवळजवळ नाहीच. त्यांना 'ऐकू' येते ते वाचलेले वचन, अचूक वेळी आठवलेले वाक्य, सदसद्विवेकाची टोचणी. त्या ऐकतात त्या डोळ्यांनी आणि स्मृतीने.

फुलॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेला आश्रम त्यांनी पाहिला आणि या स्त्रियांविषयी इतकी करुणा का, असे विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीशी येशू बोलतो आणि तिचे ऐकतो. ज्या धर्मग्रंथांत स्त्रीला श्रोत्याचाही अधिकार नाकारलेला त्यांनी पाहिला होता त्यांच्या पार्श्वभूमीवर हा संवाद त्यांना नवा वाटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

आणि लगेच दुसरा संघर्ष सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाईंकडून शिष्येची नम्रता अपेक्षित होती. रमाबाई प्रश्न विचारीत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, कन्या मनोरमेचे धर्मशिक्षण, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, अशा अनेक मुद्द्यांवर पत्रे झडली. या पत्रांतील रमाबाईंची मुख्य भूमिका अशी : ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यानंतर दुसरे तसलेच जोखड मानेवर घ्यावयाचे नाही, देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे आणि धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाला मान तुकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी आणि विचारशक्ती वापरणे हेच आपले कर्तव्य आहे.

सिस्टर जेराल्डीन यांनाही न्याय द्यावयास हवा. शतकानुशतकांच्या मंडळीच्या अनुभवावाचून एकट्या व्यक्तीचे ऐकणे भरकटू शकते, ही त्यांची चिंता निराधार नव्हती. अंतर्वाणीच्या नावाखाली स्वतःचीच इच्छा बोलू लागते हे ख्रिस्ती साधनापरंपरेने फार पूर्वी ओळखले होते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी अविलाच्या तेरेझाने अशा वाणींचे प्रकार पाडताना, वाणी खरी की खोटी हे तिच्या माधुर्यावरून न ठरविता तिने मनात काय घडविले यावरून ठरवावे, असा विवेक सांगितला होता. वाँटेजच्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंना सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो आजही वाचनीय वाटतो. एली कोण आणि शमुवेल कोण, याचा निर्णय तिथे सहजासहजी होत नाही.

४

रमाबाईंच्या साक्षीतील एक कबुली अनेक वाचकांना चक्रावून टाकते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्या लिहितात त्या अर्थाने त्यांना ख्रिस्त लाभला. तोवर त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता. नेहेम्या गोरे यांच्यासारख्या प्रकांड शास्त्र्याच्या युक्तिवादाने बुद्धीचे समाधान झाले होते, पण संवाद सुरू झाला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. स्वतःच प्रवचन करीत असता ज्याचे परिवर्तन झाले असा हा माणूस. बोलणाऱ्यालाच प्रथम ऐकावे लागले, हा त्या कथेचा मर्मभाग पूर्वाश्रमीच्या पुराणिक स्त्रीला किती जवळचा वाटला असेल याची कल्पना करता येते.

यानंतरच्या लेखनात प्रार्थनेचे प्रसंग वाढतात. लोणावळ्याच्या मेळाव्यातील प्रसंग विशेष बोलका आहे. आपल्या प्रभावाने श्रद्धेकडे वळलेल्या पंधरा मुलींबद्दल देवाचे आभार मानताना, या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे मागणे त्यांनी मागितले. मागणे अतिरेकी तर नाही ना, अशी शंका मनात येत असतानाच, देवाला अशक्य असे काय आहे या आशयाचे यिर्मयाच्या ग्रंथातील वचन त्यांना आठवले, आणि ते त्यांनी उत्तर म्हणून स्वीकारले. येथे चमत्काराचा लवलेश नाही. बालपणी हजारो श्लोक मुखोद्गत केलेल्या स्मृतीने आता दुसरा ग्रंथ मुखोद्गत केला आहे, आणि त्याच स्मृतीतून योग्य क्षणी एक वाक्य वर येते. संशयवादी वाचक याला स्मरणशक्तीचा व्यापार म्हणेल. रमाबाईंना त्यात विरोध दिसला नसता. देव स्मृतीच्या द्वारे बोलत नाही असे कोणी ठरविले, असेच त्यांनी विचारले असते. गणिती हिशोबाची ही प्रार्थना त्यांच्या स्वभावाचेही निदर्शक आहे. त्यांचा देव भावविवश करणारा नाही. तो संख्या मोजणाऱ्या बाईशी संख्येतच बोलतो.

दुष्काळाच्या प्रसंगी हे सूत्र अधिक गडद होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुली आणि विधवा उपासमारीने व दलालांच्या तावडीने नष्ट होत असल्याचे वृत्त आले तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न उभा राहिला. या वेळी त्यांनी जे 'ऐकले' ते त्यांच्या स्वतःच्या दुष्काळाचे दिवस होते. भुकेने जंगलात भटकणारी सोळा वर्षांची मुलगी त्यांना आठवली, आणि त्या आठवणीत त्यांनी आज्ञा वाचली. ज्या दुष्काळात देव गप्प राहिला असे वाटले होते, त्याच दुष्काळाची स्मृती वीस-बावीस वर्षांनी देवाचा शब्द बनली. त्या गेल्या, शेकडो मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. रमाबाईंच्या साक्षीचे रहस्य या ठिकाणी उलगडते. वाणी खरी होती याचा पुरावा त्या अनुभूतीच्या तीव्रतेत शोधीत नाहीत. ती ऐकल्यामुळे दुसऱ्या कोणाला अन्न मिळाले काय, हा त्यांचा पुरावा आहे.

५

तरीही टीकाकाराने एका ठिकाणी थांबले पाहिजे. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुली होत्या. वाँटेजमध्ये जी एकटी स्त्री स्वतःच्या सदसद्विवेकासाठी भांडली तीच आता एका मोठ्या वसाहतीची माउली होती. तिने देवाचे ऐकले की त्याचे परिणाम इतरांना जगावे लागत. भुकेतून उचलून आणलेल्या अजाण मुलीला रमाबाईंना जसा नकार देता आला तसा नकार देण्याची कितपत मोकळीक होती? पत्रव्यवहारात हा प्रश्न त्यांनीच सिस्टर जेराल्डीन यांना विचारला होता. साक्षीत तो त्या स्वतःला विचारताना फारशा दिसत नाहीत. त्यांच्या लेखनातील ही उणीव मान्य केल्यानेच त्याचे खरे मोल कळते.

१९०५ साली केडगावला जे आत्मिक संजीवन झाले त्यात या प्रश्नाला एक अनपेक्षित कलाटणी मिळाली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, हसणे, कापणे, अनोळखी भाषांत बोलणे असे प्रकार घडले. हा गोंधळ अनेक पाश्चात्त्य ख्रिस्ती निरीक्षकांना रुचला नाही. एलीयाच्या कथेत होरेब डोंगरावर देव वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता. त्यानंतरच्या मंद स्वरात होता. त्या कथेच्या आधारे या गलबल्याचा निषेध करणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. 'मुक्ति प्रेयर बेल' या आपल्या पत्रिकेतून त्यांनी हिंदी माणसांच्या भक्तीला तिच्या स्वभावानुसार व्यक्त होऊ द्यावे, परकीय सभ्यतेचे मोजमाप तिला लावू नये, अशी बाजू मांडली. मात्र अनोळखी भाषा बोलणे हीच आत्म्याच्या वस्तीची खूण, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. प्रीती ही त्याहून मोठी खूण त्यांनी मानली.

या भूमिकेत त्यांचा विवेक पुन्हा जागा झालेला दिसतो. ज्यांच्याविषयी त्यांनी आजवर ऐकले होते त्या मुलींनी आता स्वतः ऐकावयास आणि बोलावयास प्रारंभ केला, आणि शिस्तप्रिय, मितभाषी, ऐकू कमी येणाऱ्या माउलीने त्यांना अडविले नाही. एलीने जे केले ते रमाबाईंनी येथे केले : तुम्हांला हाक मारणारी मी नव्हे, हे त्यांनी आपल्या मौनाने मान्य केले.

६

मराठी ख्रिस्ती साहित्यात रमाबाईंचे स्थान निश्चित करताना टिळक दांपत्याची आठवण अपरिहार्य आहे. नारायण वामन टिळक तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले असे स्वतःच म्हणत. वारकरी परंपरेत देव स्वप्नात येतो, कवित्वाची आज्ञा करतो, रुसतो आणि भांडतो. त्या संवादाचा वारसा टिळकांच्या अभंगांना सहज मिळाला. म्हणून त्यांच्या काव्यात देवाचे बोलणे गोड लागते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. अंतर्वाणीच्या नादाने नवरा निघून गेला किंवा घरातला पैसा वाटून मोकळा झाला म्हणजे चूल कशी पेटते, हे त्या हसत हसत सांगतात. ऐकणाऱ्याच्या घरातील माणसांचे ऐकले जाते काय, हा प्रश्न मराठीत एवढ्या निर्मळपणे दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

रमाबाई या दोघांहून वेगळ्या. त्या भक्तिपरंपरेतून आल्या नाहीत. शास्त्रपुराणांच्या पठणपरंपरेतून आल्या. त्यामुळे त्यांच्या गद्यात टिळकांची रसार्द्रता नाही आणि लक्ष्मीबाईंचा विनोदही नाही. त्यात ग्रंथाशी झुंजणाऱ्या पंडिताची काटेकोर दृष्टी आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळविले. संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. साध्या खेडवळ बाईला कळेल अशी भाषा हा या भाषांतराचा संकल्प होता. पंडिताने लिहिलेल्या या मराठीत सर्वत्र सहजता आली आहे असे म्हणता येणार नाही. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या आग्रहाने वाक्य कधी कधी अडखळते. परंतु संकल्पाचा अर्थ स्पष्ट आहे. घाटावर अर्थ न कळता पोथी ऐकणाऱ्या, फुले वाहून परत जाणाऱ्या त्या असंख्य बायांचे ऋण त्यांची जुनी वाचक फेडू पाहत होती.

१९२१ साली मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतरही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. देवाची वाणी कशी ओळखावी, याचे सूत्रबद्ध उत्तर त्यांच्या लेखनात कोठेही नाही. उत्तराच्या जागी त्यांच्या आयुष्यातून गाळून आलेल्या काही कसोट्या आहेत : वाणी आपल्याला कळणाऱ्या भाषेत असावी, तिने विवेकाला गप्प बसवू नये, आणि तिच्यामुळे आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचे तरी भले व्हावे. या कसोट्या त्यांनी स्वतःला सदैव सारख्याच कठोरपणे लावल्या असे नाही. तथापि ज्या काळात स्त्रीला देवाचे ऐकण्याचा अधिकार आहे की नाही यावरच वाद होता त्या काळात त्या कसोट्या एका स्त्रीने, आणि तीही ऐकू कमी येणाऱ्या स्त्रीने, आपल्या साक्षीतून वाचकांपुढे ठेवल्या. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी; परंतु मराठीतील आत्मकथनपर गद्याचा इतिहास ही साक्ष वगळून पुरा होणार नाही.